वाचकांचे प्रश्न : मुलांच्या मनाला मदत हवी असेल, तर जायचे कुठे?

गेल्या अंकात किशोरवयीन मुलांमधील नैराश्य आणि चिंता यांवर लेख प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आलेल्या पत्रांत लक्षणांविषयीच्या शंका फार थोड्या आहेत. घरातले मूल पूर्वीसारखे राहिलेले नाही, हे आईवडिलांच्या लक्षात आलेले असते, आणि मुलाच्या स्वतःच्या लक्षात तर त्याच्या कितीतरी आधी. अडते ते पुढच्या पावलाशी : जायचे कोणाकडे, खर्च किती येईल, नाव बाहेर फुटेल का, घरी न सांगता जाता येईल का. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला होता, म्हणजे साठ मुलांच्या एका वर्गात चार मुले. म्हणून यावेळचे सदर या एकाच प्रश्नासाठी ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे आणि नीटच्या क्लाससाठी गाव सोडून लातूरला राहते. दिवाळीपासून मला झोप लागत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही आणि क्लासमध्ये बसल्या बसल्या रडू येते. फीसाठी बाबांनी कर्ज काढले आहे, त्यामुळे घरी काही सांगण्याची हिंमत होत नाही. मैत्रीण म्हणते, डॉक्टरांना दाखव. पण अठरा वर्षांखालच्या मुलीला एकटीला तपासतात का? फोनवर मदत मिळते असे ऐकले आहे. तिथे फोन केला तर घरी कळवतात का?

उत्तर : आधी फोनविषयी सांगते, कारण तो तू हे पान मिटल्यावर लगेच करू शकतेस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो लागला नाही, तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा क्रमांक आहे. सेवा चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत आणि सुरुवातीलाच भाषा निवडायची असते, त्यात मराठी आहे. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतात. ते तुला काय होते आहे, कधीपासून होते आहे, झोप आणि जेवण कसे आहे, असे विचारतील. तुझा त्रास बोलण्याने हलका होण्यापलीकडचा वाटला, तर ते त्याच सेवेतील मानसोपचारतज्ज्ञांशी तुझे बोलणे करून देतील किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव सांगतील. तू फोन केलास एवढ्यावरून कोणी तुझ्या घरी फोन करत नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असे त्यांना जाणवले, तर मात्र तुझ्याजवळ एखादे मोठे माणूस असावे यासाठी ते प्रयत्न करतील, आणि तो त्यांनी केलाच पाहिजे. काय बोलायचे हे सुचत नसेल, तर तू मला लिहिलेले पत्रच वाचून दाखव. ते नेमके आहे. त्यात आणखी काही घालण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. लातूरमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय असते तेथे मनोविकृतीशास्त्र विभाग असतो. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, म्हणून वेळेवर पोहोच. केस पेपरच्या खिडकीवर 'मानसोपचार' एवढे म्हटले तरी पुरते. मागे उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाऊ नये असे वाटत असेल, तर कागदावर लिहून तो कागद आत सरकव. आत गेल्यावर बहुधा आधी एक तरुण निवासी डॉक्टर बोलतील. ते झोप, भूक, पाळी, अभ्यास, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, मरणाचे विचार येतात का, असे एकामागून एक विचारत लिहून घेतील. त्यानंतर वरिष्ठ डॉक्टर भेटतील. रक्ताची तपासणी सांगितली, तर आपल्याला वेगळ्याच आजारावर टोलवले जात आहे असे समजू नकोस. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असले किंवा थायरॉइडचे काम बिघडले असले, तरी थकवा, उदासी आणि विसराळूपणा येतो, आणि मुलींमध्ये हे वारंवार आढळते. पहिल्या भेटीत अनेकदा औषध दिलेही जात नाही.

तू एकटी गेलीस तर पहिले बोलणे होऊ शकते. परंतु औषध सुरू करायचे झाले, तर डॉक्टर साधारणपणे पालकांना बोलावतात, कारण अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या उपचारांचा निर्णय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार पालकांच्या सहभागाने घ्यायचा असतो. म्हणजे घरी सांगण्याची वेळ पुढेमागे येणार आहे, आणि ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मात्र ते तू एकटीने सांगायला हवे असे नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना स्पष्ट म्हण : 'आईला मी बोलावते, पण सांगा तुम्ही, आणि मी शेजारी बसते.' हे आम्ही रोज करतो. आईला बोलावण्यासाठीही फोनवर सगळे सांगण्याची गरज नाही. 'मला दोन महिने झोप येत नाही, माझ्याबरोबर दवाखान्यात ये,' एवढे वाक्य पुरे आहे. झोप हा शब्द कोणत्याही आईला कळतो, आणि तो खोटाही नाही. कर्जाचा विषय त्या दिवशी नको. ज्या बापाने मुलीसाठी कर्ज काढले आहे, त्याला ती आजारी आहे हे उशिरा कळण्यापेक्षा वेळेवर कळणे केव्हाही अधिक हवे असेल, हे मी अशा अनेक वडिलांशी बोलून सांगते आहे.

कोणाकडे जातो आहोत, हे माहीत असले म्हणजे फसवणूक टळते. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्याद्वारे उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तिचा क्रमांक विचारण्यात काहीही अवमान नाही. समुपदेशक ही पाटी मात्र आपल्याकडे थोड्या दिवसांच्या अभ्यासक्रमावरही लावली जाते. चांगले समुपदेशक खूप आहेत. तरीही शिक्षण काय आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता, हे दोन प्रश्न अवश्य विचार. पहिल्याच भेटीत दहा भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्या, किंवा 'डॉक्टरांची गोळी घेऊ नकोस' असे बजावणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नकोस. मोबाइलवरील चॅटबॉटशी रात्री बोलून थोडे बरे वाटत असेल, तर त्यात अपराध नाही. पण तो तुझी नाडी पाहू शकत नाही आणि रात्री दोन वाजता तुझ्या खोलीवर कोणाला पाठवूही शकत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नकोस.

मरणाचे विचार मनात येऊ लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्या क्षणी १४४१६ ला किंवा ११२ ला फोन कर आणि मैत्रिणीला खोलीवर बोलावून घे.

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीला नापास झाल्यापासून तो खोलीबाहेर येत नाही, मित्रांना भेटत नाही. परवा आईला म्हणाला, 'माझ्यामागे तुमचे बरेच होईल.' मी त्याला काही विचारावे, तर नसते त्याच्या डोक्यात भरेल अशी भीती वाटते. गावात डॉक्टर नाहीत. जिल्ह्याला नेले तर मुलाला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवून घेतील, असे भावकीतले म्हणतात.

उत्तर : आपण विचारलेल्या शंकेचे उत्तर अगदी स्पष्ट आहे, म्हणून ते आधी देते. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. आजच त्याच्याजवळ बसा आणि सरळ शब्दांत विचारा : 'जीव द्यावासा वाटतो का रे तुला?' तो 'नाही' म्हणाला, तरी आपल्या बापाला हे विचारता येते, हे त्याला कळते. 'हो' म्हणाला, तर ओरडू नका, शपथा घालू नका, आईच्या रडण्याचा हवाला देऊ नका. ऐकून घ्या आणि सांगा की उद्या सकाळी आपण दोघे दवाखान्यात जाऊ. आईला बोललेले वाक्य निरोपाचे वाक्य आहे. ते नापास झालेल्या मुलाचे रुसणे समजून सोडून देऊ नका.

दुसरे काम आज अंधार पडण्यापूर्वी करायचे आहे. फवारणीची औषधे घरातून हलवा, शेजारच्या विश्वासू माणसाकडे कुलपात ठेवा आणि किल्ली आपल्याजवळ राहू द्या. घरातल्या गोळ्यांचेही तसेच करा. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांची किंवा काही तासांची असते. त्या वेळात हाताशी साधन नसले, तर मूल वाचते, आणि वाचलेली बहुतेक मुले पुढे सावरतात. हे आजाराचे औषध नव्हे, पण औषध मिळेपर्यंतचा वेळ त्यातून मिळतो. त्याला एकटा झोपू देऊ नका. हा पहारा आहे असे न भासवता भाऊ किंवा काका खोलीत झोपले, तरी चालेल.

मग जायचे कुठे? यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. सरळ तेथेच जा. एरवी, म्हणजे जिवाचा धोका नसेल तेव्हा, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी असते. तेथे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील मैत्री क्लिनिक अनेक ठिकाणी चालते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी असलेला हा कार्यक्रम २०१४ पासून देशात आहे, पण घरोघर विचारले तर तो कोणाला माहीत नसतो, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या जिल्ह्यात शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्पही आहे, म्हणून गावातील आशाताईंना विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या वारी कुठे येते, हे त्यांच्याकडून कळू शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

भावकीतल्यांच्या भीतीविषयी. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. आपल्या मुलाला त्यांपैकी कोठेही पाठवण्याचा प्रश्न आज नाही. अशी बहुतेक मुले तपासून, औषध आणि पुढची तारीख घेऊन, त्याच दिवशी घरी परततात. थोडे दिवस दाखल करावे लागलेच, तरी कायद्याने मुलांभोवती कुंपण घातलेले आहे : अर्ज पालकाचाच लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज आहे असे म्हणावे लागते, मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि आईवडील किंवा त्यांनी नेमलेले माणूस पूर्ण वेळ त्याच्यापाशी राहते. म्हणजे 'ठेवून घेतील' ही गोष्ट आपल्या सहीशिवाय घडत नाही. आणि मुलाच्या हातून काही घडलेच, तर पोलिसांच्या भीतीने त्याला दवाखान्यात नेण्यात क्षणाचाही उशीर करू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा होऊ नये, असे २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते. पोलीस जबाब घ्यायला येतील, तेवढेच.

औषध सुरू झाले, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत 'फरक नाही' म्हणून त्या बंद करू नका. आणि पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांची अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसे दिसले, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता डॉक्टरांना कळवा.

दहावीचे काय, हे आपण विचारलेले नाही, आणि ते मला आवडले. पुरवणी परीक्षा आहे, सतरा नंबरचा फॉर्म आहे. पण तो विषय मुलगा नीट झोपू-जेवू लागल्यावर.

प्रश्न : शाळेच्या समुपदेशिकेने माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यास सुचवले आहे. तिने हातावर ओरखडे काढले होते. पण एकदा नोंद झाली की पुढे परदेशी शिक्षण, नोकरी, लग्न सगळ्यांत आडवी येईल, असे सासरचे म्हणतात. नोंद न होता उपचार होतील का?

उत्तर : नोंद होईल, पण ती डॉक्टरांच्या कपाटात राहील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर आणि उपचारांत सहभागी असलेल्या प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. डॉक्टर ती शाळेला परस्पर देऊ शकत नाहीत, नातेवाइकांना तर नाहीच. शाळेला चिठ्ठी हवी असेल, तर आजाराचे नाव न लिहिता 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती' असे प्रमाणपत्र मागता येते. विम्याविषयी आपल्याला धास्ती असेल, तर मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे हा कायदा विमा कंपन्यांना सांगतो.

सासरच्या मंडळींना हे सर्व समजावण्यात महिना घालवू नका. ओरखडे हे लक्ष वेधण्याचे नाटक असते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. माझ्या अनुभवात बहुतेक मुली ते बाहीखाली लपवतात, आणि शिक्षा म्हणून मोबाइल काढून घेतला किंवा हात रोज तपासू लागले, की अधिक लपवतात. मुलीला 'का केलेस?' असे विचारू नका. 'तेव्हा काय वाटत होते?' असे विचारा. तज्ज्ञांची तिच्याशी पहिली भेट आपण बाहेर थांबून होऊ द्या. ती आत काय बोलली, हे डॉक्टर आपल्याला शब्दशः सांगणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. जिवाला धोका असेल, तर ते सांगतील. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने सर्वांवर बंधनकारक आहे. चांगले डॉक्टर हे नियम मुलीला बोलण्याआधीच समजावून सांगतात.

खासगी तज्ज्ञांचे शुल्क परवडत नसेल, तर मुंबईत केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांत, पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आय. पी. एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था मुले आणि पालक यांच्यासाठी मराठीत काम करते. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा फोनवर मिळते.

प्रश्न : माझ्या बहिणीची पंधरा वर्षांची मुलगी मधूनमधून दात आवळून पडते, थरथरते आणि वेगळ्याच आवाजात बोलते. घरचे तिला दर अमावास्येला एका देवरुषाकडे नेतात. गेल्या वेळी त्याने तिला छडीने मारले. मी मावशी आहे, माझे घरात फार चालत नाही. मी काय करू शकते?

उत्तर : मावशीचे पुष्कळ चालते, असे मला वाटते, कारण घाबरून जाऊन कोणाला मिठी मारायची झाली, तर ती मुलगी बहुधा आपल्याकडेच धाव घेईल.

मारहाणीचा भाग निराळा काढू. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, धूर देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. पुन्हा तसे घडू लागले, तर आपण १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करू शकता. तो चोवीस तास चालतो आणि नातेवाईक, शेजारी, शिक्षक, कोणीही लावू शकते. या कायद्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या चळवळीतील कार्यकर्ते राज्यभर आहेत. बहिणीच्या घरी जाऊन न भांडता कसे बोलावे, हे त्यांना चांगले कळते.

आता मुलीचा त्रास. असे झटके अपस्माराचेही (फेफरे, फिट येणे) असू शकतात आणि मनावरच्या असह्य ताणाचेही. दोन्हींवर उपचार आहेत, आणि दोन्हींत मुलगी नाटक करत नसते. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय तपासणी व्हावी. जमले तर पुढच्या झटक्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवा, पण ते डॉक्टरांशिवाय कोणाला पाठवू नका. डोळे उघडे होते की मिटलेले, जीभ चावली गेली का, कपड्यात लघवी झाली का, किती वेळ चालले, या गोष्टींवरून डॉक्टरांना बरेच कळते. ताणाचे झटके असतील, तर ताण कशाचा, हे शोधावे लागेल. शाळा सोडवण्याची चर्चा आहे का, लग्न ठरवत आहेत का, घरातल्या किंवा शेजारच्या कोणाचा तिला त्रास आहे का? हे तिला एकटीला, शांतपणे, आपण विचारू शकता, आणि कदाचित फक्त आपणच विचारू शकता.

बहिणीच्या सासूबाईंशी देवावरून वाद घालू नका. अंगारा लावू द्या, नवस बोलू द्या. फक्त म्हणा की दवाखानाही करू. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' या नावाने असाच उपक्रम चालवला गेला, ज्यात श्रद्धेने आलेल्या माणसाला तेथेच मानसोपचारही मिळू लागले. श्रद्धा सोडा अशी अट घातली नाही, तर घरे दवाखान्याचा रस्ता धरतात, हे मी आमच्या भागातही पाहिले आहे.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे. वडील रोज पितात आणि रात्री आईला मारतात. मला काही झालेले नाही, पण अभ्यासात लक्ष लागत नाही आणि संध्याकाळ झाली की पोटात दुखते. मी कोणाला सांगू?

उत्तर : संध्याकाळी पोटात दुखते, म्हणजे तुलाही होते आहे, आणि त्यासाठी मदत मागण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. मारहाण सुरू असेल, तेव्हा मध्ये पडू नकोस. धाकटी भावंडे असतील, तर त्यांना घेऊन शेजारी जा आणि ११२ ला फोन कर. एरवी १०९८ वर तू स्वतः बोलू शकतेस असे मी मुलींना सांगते, तसेच तुलाही सांगते : तू स्वतः बोलू शकतोस. ज्यांच्या घरात कोणी पिणारे आहे, अशा तुझ्या वयाच्या मुलांचे अलटीन नावाचे गट असतात; तेथे पैसे लागत नाहीत आणि तेथले बाहेर सांगितले जात नाही. तुझ्या भागात असा गट आहे का, हे अल-अनॉनच्या (पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट) किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) माणसांना विचार. आईसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक लिहून ठेव, आणि पुण्याच्या मुक्तांगण केंद्राचे नावही; डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात पिणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांकडेही लक्ष दिले जाते. वडिलांचे पिणे सोडवणे हे तुझे काम नाही. वर्गशिक्षकांपैकी ज्यांच्यापाशी बोलावेसे वाटते, अशा एकाला तरी या आठवड्यात सांग.

प्रश्न : माझी बहीण गोव्यात डिचोलीला राहते. तिच्या मुलासाठी तिकडे काय सोय आहे?

उत्तर : बांबोळी येथे मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था हे सरकारी रुग्णालय आहे, जे गोव्यात आय. पी. एच. बी. या नावाने सर्वांना ठाऊक आहे. १९९६ पासून काम करणारी संगाथ ही संस्थाही गोव्यातलीच. गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून समुपदेशन करवण्याच्या तिच्या कामाची दखल जगभर घेतली गेली आहे. टेली-मानसचा क्रमांक गोव्यातही तोच.

प्रश्न : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. समुपदेशकाचे पद मंजूर नाही. अशा शाळेने काय करावे?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आहेत. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल आला. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. संस्था त्याहून लहान असेल, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी तिने रीतसर जोडून घ्यावे. सर्व कर्मचाऱ्यांचे वर्षातून दोनदा प्रशिक्षण व्हावे. आणि टेली-मानससह मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, असे त्यात म्हटले आहे. या सूचना शाळांपासून खासगी क्लास आणि वसतिगृहांपर्यंत सर्वांना लागू आहेत, हे आपण संस्थाचालकांच्या सभेत लेखी मांडा आणि पदाची मागणी शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.

पद येईपर्यंतही पुष्कळ करता येते. तालुक्याच्या रुग्णालयाला पत्र देऊन कोणाला आणि कोणत्या वारी भेटायचे, हे नाव आणि वारासह लिहून घ्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा शोधाशोध होणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा ज्या मुलांविषयी काळजी वाटते त्यांची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. दात आणि डोळे पाहून झाले की पथक निघून जाते, कारण त्यांना कोणी काही सांगत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात राज्य मंडळ समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते, ते पालकांच्या गटावर टाका. शिक्षण मंत्रालयाच्या मनोदर्पण उपक्रमाचा ८४४८४४०६३२ हा क्रमांकही विद्यार्थ्यांसाठी आहे. आणि हे सर्व क्रमांक केवळ कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावू नका, कारण तेथे उभे राहून क्रमांक उतरवून घेण्याचे धैर्य कोणत्याही नववीतल्या मुलाला होणार नाही. ते स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, शाळेच्या दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर छापा आणि वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत, वह्यापुस्तकांच्या यादीबरोबरच, वाचून दाखवा.